पूर कुणाच्या पापाचा?

जुलै लागला की कोल्हापुरात माणसं एकमेकांची तब्येत नंतर विचारतात, आधी फूट विचारतात. राजाराम बंधाऱ्यावर पाणी किती? ३९ फुटांना इशारा, ४३ फुटांना धोका, हे इथल्या शाळकरी पोरालाही पाठ असतं. राधानगरीचे किती दरवाजे उघडले, शिवाजी पुलाला मच्छिंद्री झाली का, म्हणजे पाणी पुलावरच्या ठरलेल्या खुणेला लागलं का, सुतारवाड्यातली कुटुंबं हलवली का, गगनबावड्याची वाट सुरू आहे का, असं सगळं चहाच्या टपरीपासून उपासनेनंतरच्या गप्पांपर्यंत चालू असतं. ऑगस्ट २०१९ पर्यंत या बोलण्यात थोडी मजाही असायची. पंचगंगेचं पाणी बघायला लेकरं घेऊन जायची आमच्याकडे रीतच होती.

त्या ऑगस्टमध्ये आकडा ५५ च्या पुढे गेला. २००५ चा पूर ही आमची मोजपट्टी होती, ती पाण्याखाली गेली. शिरोलीजवळ महामार्गावर पाणी आलं आणि पुणे-बंगळूर रस्ता दिवसेंदिवस बंद राहिला. चिखली-आंबेवाडीची माणसं माडीवर चढून बोटीची वाट बघत होती. पाणी उपसणारे पंपच बुडाले, त्यामुळे चहूकडे पाणी असलेल्या शहरात प्यायला पाणी नव्हतं, आणि लोक घागरी घेऊन टँकरमागे धावत होते. शेजारच्या सांगली जिल्ह्यात ब्रह्मनाळला बोट उलटली. त्यात बायका होत्या, लेकरं होती. दोनच वर्षांनी, जुलै २०२१ मध्ये, पाणी पुन्हा तिथवर चढलं.

पाण्याबरोबर दरवेळी आणखी एक लोंढा येतो, मोबाईलवरून. पापाचा घडा भरला. कलियुग आहे. देवधर्म सुटला म्हणून हे झालं. प्रत्येकाकडे गुन्हेगार तयार असतो आणि तो नेहमी दुसराच कुणीतरी असतो. यात आमची ख्रिस्ती माणसं मागे नसतात. पूर ओसरल्यावर एका घरगुती प्रार्थनासभेला बाहेरगावाहून एक प्रचारक आले होते. त्यांनी बायबलातल्या जलप्रलयाचा, नोहाचा अध्याय उघडला आणि म्हणाले की मूर्तींच्या नगरीला परमेश्वरानं धडा शिकवला. काही जणांनी ‘आमेन’ म्हटलं.

मी या गावात वाढले, वायल्डर मेमोरियल चर्चच्या घंटेचा आवाज माझ्या कानांना लहानपणापासून ओळखीचा. माझा विश्वास माझ्या आईवडिलांनी मला हातात हात धरून दिला. त्या विश्वासाला स्मरून सांगते, ते वाक्य देवाची निंदा होती.

ज्या नोहाच्या गोष्टीवर ते उभे होते तीच पुढे वाचावी. उत्पत्तीच्या नवव्या अध्यायात पाणी ओसरल्यावर देव मेघात धनुष्य ठेवतो आणि करार करतो की जलप्रलयानं सर्व देहधाऱ्यांचा नाश यापुढे कधी होणार नाही. हा करार एकट्या नोहाच्या घराण्याशी नाही. तारवातून बाहेर पडलेल्या प्रत्येक जिवाशी आहे, पाखरांशी आहे, गुराढोरांशी आहे. नोहाची गोष्ट सांगून जो पंचगंगेच्या पुराला शिक्षा म्हणतो, तो त्या धनुष्याच्या विरोधात प्रवचन करतो.

आणि प्रभू येशूला तर हा प्रश्न तोंडावर विचारला गेला होता. लूकच्या तेराव्या अध्यायात लोक त्याच्याकडे ताजी बातमी घेऊन येतात. रोमन सुभेदार पिलातानं काही गालीलकरांना यज्ञ करतानाच मारलं. येशू त्यात स्वतःहून दुसरी बातमी घालतो, शिलोहाचा बुरूज कोसळून अठरा माणसं चिरडली गेली ती. एक माणसाच्या क्रौर्याची घटना, दुसरी निव्वळ अपघाताची. ती अठरा माणसं यरुशलेमात राहणाऱ्या बाकीच्यांपेक्षा अधिक अपराधी होती असं तुम्हाला वाटतं काय, असं विचारून तो स्वतःच उत्तर देतो: नाही. योहानाच्या नवव्या अध्यायात जन्मांध माणसाकडे बोट दाखवून शिष्य विचारतात, पाप कुणाचं, याचं की याच्या आईबापांचं? तिथंही तो म्हणतो, ना याचं, ना त्याच्या आईबापांचं. डोंगरावरच्या प्रवचनात तर त्यानं पावसाचाच दाखला दिला आहे. स्वर्गातला बाप नीतिमानांवर आणि अनीतिमानांवर पाऊस पाडतो. आमच्याकडे तो सह्याद्रीच्या घाटमाथ्यावर कोसळतो, कुंभी, कासारी, तुळशी, भोगावती अशा नद्यांतून पंचगंगेत उतरतो आणि मग कुणाचा सातबारा न बघता घरात शिरतो.

शाहूपुरीच्या कुंभार गल्लीत, बापट कॅम्पात त्या वर्षी गणेशचतुर्थी जेमतेम महिन्यावर आली होती. घराघरांत मूर्ती तयार होत्या, काहींचं रंगकाम उरलं होतं. मातीच्या मूर्तीला पाणी लागलं की ती आधी खालून सुटते, पाटाकडून, आणि मग सगळी एकदम बसते. पाणी उतरल्यावर तिथं बायका ओंजळीनं ती माती गोळा करत होत्या, पुन्हा वापरता येईल म्हणून. वर्षाचं कर्ज त्या मातीत होतं. त्या मूर्ती माझ्या उपासनेच्या नाहीत. पण त्या बाईच्या ओंजळीकडे बघून ‘धडा शिकवला’ म्हणणारा देव मला बायबलात कुठंच भेटत नाही.

आणि देव असा हिशेब करत असता, तर त्याचा हिशेब फार चुकलेला दिसतो. लिस्बनला भूकंप झाला तो १ नोव्हेंबर १७५५ ला, सर्व संतांच्या सणाला, चर्च माणसांनी भरलेली असताना. त्सुनामी आली २६ डिसेंबर २००४ ला, आणि वेलंकन्नीला नाताळासाठी आलेले यात्रेकरू समुद्रानं नेले. किल्लारीला भूकंप झाला तेव्हा माणसं गणपती विसर्जन करून दमून झोपली होती, ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे. तिथं जीव घेतले ते मातीत रचलेल्या दगडी भिंतींनी, अंगावर आलेल्या धाब्याच्या छपरांनी. १९३४ च्या जानेवारीत बिहारला भूकंप झाला तेव्हा गांधीजींसारखा माणूससुद्धा म्हणून गेला की ही अस्पृश्यतेच्या पापाची शिक्षा आहे, आणि रवींद्रनाथांनी त्यांना जाहीर विरोध केला. अस्पृश्यता हे पाप होतंच, शाहू महाराजांच्या गावात ते वेगळं सांगायला नको. पण भूकंपानं विटाळ मानणाऱ्याचं घर आणि ज्याचा विटाळ मानला त्याचं घर वेगळं काढलं नाही. मी इथं रवींद्रनाथांच्या बाजूची आहे आणि मला वाटतं, लूकचा तेरावा अध्यायही त्यांच्याच बाजूचा आहे.

मग शिक्षा नाही, तर काय? जॉन पोल्किंगहॉर्न नावाचे एक भौतिकशास्त्रज्ञ पुढं अँग्लिकन पाळक झाले. त्यांचं म्हणणं असं की देवानं माणसाला जशी मोकळीक दिली तशीच सृष्टीलाही दिली, स्वतःच्या नियमांनी घडत राहण्याची. हे मला पटतं, कारण ते मला खिडकीतून दिसतं. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्ह्याचे थरावर थर साचले म्हणून आमची काळी माती आहे. सह्याद्री ढग अडवतो म्हणून आमचा ऊस आहे. ज्या पावसानं पूर येतो त्याच पावसावर हा जिल्हा जेवतो. पूर नको आणि पाऊस हवा, असं वेगळं काढता येणारं जग देवानं केलेलं नाही. एवढं समजलं की डोक्याला जरा शांतता मिळते. पण डोक्यालाच. ज्याचं माणूस गेलं त्याच्यापुढे लाव्ह्याचे थर सांगू नयेत.

ओसरल्या पाण्यामागून आमच्या मंडळीतले काही जण खराटे, फावडी, पाट्या आणि ब्लीचिंग पावडर घेऊन करवीर तालुक्यातल्या एका गावात गेलो होतो. पुराच्या चिखलाचा वास ज्यानं घेतला नाही त्याला तो सांगता येत नाही. कुजलेलं गवत, डिझेल, मेलेलं जनावर, सगळं त्यात असतं. एका घराची मागची भिंत बसली होती. उरलेल्या भिंतीवर लग्नाच्या फोटोच्या मधोमध पाण्याची रेघ होती, वरचे चेहरे शाबूत, खालच्या साड्या धुऊन गेलेल्या. पोत्यातलं भात फुगून पोती उसवली होती आणि उसवलेल्या जागी मोड आले होते. आजी कट्ट्यावर बसल्या होत्या. गोठ्यात खुंटा होता आणि खुंट्याला कापलेलं दावं.

“इळ्यानं कापलं मी,” त्या म्हणाल्या. “म्हटलं जा बाई, जिकडं वाट घावंल तिकडं जा. ती जागची हलली न्हाई. माझ्याकडंच बघत हुबी. बोटीवाली पोरं म्हणाली, आजी, आदी मानसं.”

मी त्यांच्या शेजारी टेकले. माझ्या गळ्यातला क्रूस त्यांनी पाहिला असावा.

“बाई, तुमच्या देवाला इचारा. माझं काय पाप आसंल तर आसंल, म्हातारीचा जलम हाय. पर त्या म्हशीनं काय पाप केलतं?”

आमच्यातल्या एका पोराला काहीतरी धीराचं बोलायचं होतं, ते मी खुणेनं थांबवलं. बायबलातल्या ईयोबाचं सगळं गेलं, लेकरं, गुरंढोरं, तेव्हा त्याचे मित्र, अलीफज, बिल्दद आणि सोफर, त्याच्याकडे आले आणि सात दिवस आणि सात रात्री जमिनीवर त्याच्याजवळ बसून राहिले. कोणी एक शब्द बोललं नाही, कारण त्याचं दुःख फार मोठं आहे हे त्यांना दिसत होतं. तेवढे सात दिवस ते खरे मित्र होते. आठव्या दिवसापासून ते समजावू लागले आणि पुस्तक संपता संपता देव त्यांच्यावर रागावला. तुम्ही माझ्याविषयी योग्य बोलला नाही, माझा सेवक ईयोब बोलला, असं तो म्हणतो. ईयोब काय बोलला होता? जन्मदिवसाला शाप दिला होता, देवाला कोर्टात उभं करायची भाषा केली होती. आम्ही चर्चमध्ये ईयोबाचं पहिल्या अध्यायातलं एकच वाक्य तोंडपाठ करतो, परमेश्वरानं दिलं, परमेश्वरानं नेलं, आणि अंत्यविधीला ते म्हणतो. त्यानंतर पस्तीसएक अध्याय तो माणूस आणि त्याचे मित्र भांडत असतात, ते वाचतच नाही.

आजींचा प्रश्न मला पुढं कितीतरी दिवस सोडेना. माणसाच्या बाबतीत पापाचा हिशेब निदान मांडता तरी येतो, चुकीचा का असेना. म्हशीपुढे तो मांडताच येत नाही. आणि मग योनाचं पुस्तक वाचताना मी शेवटच्या ओळीवर अडले. योना या संदेष्ट्याला निनवे नगराचा नाश व्हायला हवा होता. तो त्या नगराबाहेर मांडव घालून बघत बसला, कधी बुडतंय म्हणून. आणि देव त्याला विचारतो, एक लाख वीस हजारांहून अधिक माणसं जिथं आहेत, ज्यांना उजवंडावं कळत नाही, आणि पुष्कळ गुरंढोरंही आहेत, त्या नगराची मी पर्वा करू नये काय? पुस्तक इथंच संपतं, गुराढोरांवर. मूर्तिपूजकांच्या नगरातल्या गुराढोरांवर. त्या प्रचारकांना मला योनाचा चौथा अध्याय वाचायला द्यायचा आहे.

देवानं ईयोबाला जे उत्तर दिलं ते उत्तर आहे का, यावर मी अजून झगडते. अडतिसाव्या अध्यायात तो वावटळीतून बोलतो, पण ‘का’ हे सांगत नाही. समुद्राला दारं लावून, येथवर ये, पुढे येऊ नको, असं कुणी सांगितलं, हे विचारतो. आणि विचारतो की जिथं माणूस राहत नाही अशा रानावर पाऊस कोण पाडतो. म्हणजे हे जग फक्त आपल्याभोवती रचलेलं नाही. ईयोब यावर गप्प होतो. माझं समाधान होत नाही, पण एक गोष्ट मला घट्ट धरून ठेवते: देव आला. ज्यानं शिव्याशाप दिले त्याच्याकडे आला, आणि ज्यांनी त्याची वकिली केली त्यांना म्हणाला, ईयोबाकडे जा आणि त्याला तुमच्यासाठी प्रार्थना करायला सांगा.

आम्हा मराठी ख्रिस्ती माणसांना देवाशी भांडण नवं असायला नको. रेव्हरंड ना. वा. टिळक म्हणत की ते तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आले. त्या तुकोबांनी सतराव्या शतकातल्या दुष्काळात बायको अन्नावाचून मरताना पाहिली आणि ते विठ्ठलाशी ज्या भाषेत बोलले त्याला गोड भक्ती कुणी म्हणणार नाही. स्तोत्रसंहितेत तर तक्रारीची स्तोत्रं ढिगानं आहेत. एकोणसत्तरावं स्तोत्र सुरू होतं तेच पाणी गळ्याशी आलं म्हणून. अठ्ठ्याऐंशीव्या स्तोत्राला शेवटी आशेचं कडवंसुद्धा नाही, ते अंधारातच थांबतं. ज्यांनी शास्त्र जपलं त्यांनी ते काढून टाकलं नाही. वादळात नाव बुडू लागली तेव्हा शिष्यांनी येशूला उठवलं ते स्तुती करत नाही, आम्ही बुडतोय याची तुला काळजी नाही काय, असं ओरडत. त्यानं आधी वारा शांत केला, बोलणं नंतर.

आमच्याच भाषेतली एक बाई मला या सगळ्या प्रश्नात सर्वांत मोठी वाटते. पंडिता रमाबाई. १८७० च्या दशकातल्या दुष्काळात त्यांचे आईवडील गेले, बहीण गेली, सगळी उपासमारीनं. त्या स्वतः भावाबरोबर अनवाणी हिंडत राहिल्या. पुढं त्या ख्रिस्ती झाल्या. १८९६-९७ ला मध्य प्रांतात दुष्काळ पडला तेव्हा या बाई तिकडे गेल्या आणि उपाशी मुलींना, तरुण विधवांना केडगावला घेऊन आल्या. १९०० च्या सुमारास गुजरातेत दुष्काळ पडला तेव्हा पुन्हा तेच. भूक काय असते हे त्यांना कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. या मुली कुणाच्या पापामुळे उपाशी आहेत हे शोधत त्या बसल्या नाहीत. त्यांनी विहिरी खणल्या, शेती केली, मुलींना शिकवलं, हातमागावर आणि छापखान्यात बसवलं. आणि बायबलाचं मराठी भाषांतर करत राहिल्या. १९२१ ला एकुलती एक मुलगी मनोरमा गेली, पुढच्या वर्षी त्या स्वतः गेल्या. ज्यानं एवढं घेतलं त्याचंच वचन साध्या बायकांना कळेल अशा मराठीत उतरवण्यात त्यांनी शेवटची वर्षं घालवली. याला मी विश्वास म्हणते. यात गोडवा कमी आहे, तग धरणं जास्त आहे.

मग ख्रिस्ती माणसाकडे सांगण्यासारखं काय आहे, असं कुणी विचारलं तर मी क्रूसाकडे बोट दाखवते. तिथं खुद्द येशू ‘का’ विचारतो, बाविसाव्या स्तोत्राच्या शब्दांत: माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास? आणि वरून उत्तर येत नाही. देव दुःखाचं कारण सांगत नाही, तो दुःखात उतरतो, आणि आमच्यासारखाच उत्तराशिवाय मरतो. तिसऱ्या दिवशी उठतो तेव्हा हातांवर खिळ्यांचे व्रण असतात. थोमा या शिष्याला तो तेच दाखवतो. पुनरुत्थानानं ते पुसून टाकले नाहीत. माझी सगळी आशा या एका गोष्टीवर आहे. देव सगळं नवं करील तेव्हा जे घडलं ते घडलंच नाही असं करणार नाही. रोमकरांच्या पत्रात पौल म्हणतो की सारी सृष्टी कण्हते आहे, प्रसूतिवेदना सोसते आहे. सारी. म्हणजे गोठ्यातलीही.

राहिलं लूकच्या तेराव्या अध्यायाचं दुसरं वाक्य. प्रचारक मंडळींचा जोर त्यावरच असतो. येशू म्हणतो, पण तुम्ही पश्चात्ताप केला नाही तर तुमचाही असाच नाश होईल. हे वाक्य मी गिळून टाकत नाही. पण ते कुणाला उद्देशून आहे ते बघावं. मेलेल्यांकडे वळलेलं बोट तो जिवंतांकडे वळवतो. आणि लगेच अंजिराच्या झाडाची गोष्ट सांगतो. फळ येत नाही म्हणून मालक झाड तोडायला निघतो, आणि माळी म्हणतो, धनी, एवढं वर्ष राहू द्या, मी त्याच्याभोवती खणतो, खत घालतो. आमच्या शेतकऱ्याला हे समजावून सांगावं लागत नाही. इथं पश्चात्ताप म्हणजे छाती पिटणं नव्हे. इथं कुदळ आहे आणि खत आहे.

आता पंचगंगेच्या काठी कुदळ कुठं मारायची? पाऊस देवाचा, हे मान्य. पण पूररेषेच्या आत भराव टाकून उभ्या केलेल्या इमारती देवानं बांधल्या नाहीत. जयंती नाल्याचं पात्र देवानं आवळलं नाही. नदी आडवी ओलांडणाऱ्या रस्त्यांचे मातीचे उंच भराव, पाण्याला पुरेशी मोरी न ठेवता, देवानं घातले नाहीत. कुठल्या धरणातून कधी किती पाणी सोडायचं, यावर दोन राज्यांची सरकारं पूर आल्यावर भांडतात, आणि कर्नाटकातल्या अलमट्टी धरणाचं नाव त्यात दरवर्षी निघतं. सरकारनं नेमलेल्या वडनेरे समितीनं २०१९ च्या पुराची कारणं तपासून अहवाल दिला, त्यातलं किती अमलात आलं हे विचारणं ही मला उपासनेइतकीच धर्माची गोष्ट वाटते. अशा ठिकाणी ‘देवाची इच्छा’ म्हणून हात जोडणं मला खोटी साक्ष वाटते, आणि ती तर दहा आज्ञांत स्पष्ट मना आहे.

आमच्या मंडळीत हल्ली मे महिन्यात बैठक होते. पूरपट्ट्यातल्या गावांत आमच्या ओळखीची घरं कोणती, कुणाकडे अंथरुणाला खिळलेलं माणूस आहे, कुणाकडे औषध थंड ठेवावं लागतं, याची यादी पाळकसाहेबांच्या हजेरीत वाचली जाते. धर्म-जात विचारून यादी करायची नाही, हे पहिल्याच बैठकीत ठरलं. मी त्यात जनावरांचा रकाना घालायला लावला. पाणी ३९ ला पोहोचायच्या आधी गुरं कुठल्या उंचावरच्या गावात न्यायची, तिथं वैरण कोण देणार, टेम्पो कुणाचा, हे त्यात लिहिलेलं असतं, कारण जनावर हललं नाही तर माणूसही हलत नाही. यंदा एका वडिलांनी विचारलं की जुलैतल्या उपासनेत अठ्ठ्याऐंशीवं स्तोत्र कशाला ठेवलंय, लोकांना उभारी देणारं काहीतरी घ्या. शुक्रवार पेठेतल्या एक बाई उठल्या. दोन्ही पुरांत त्यांचं घर पाण्यात होतं. त्या म्हणाल्या, “उभारीचं बाकीचे अकरा महिने म्हणतोच की आपण. हे राहू द्या.” पाळकसाहेबांनी ते राहू दिलं आणि मग वैरणीच्या पैशांवर चर्चा सुरू झाली.